चालू झाली की विकायची

कात्रीबाईला राग येणं ही काही बातमी नव्हती. तिला एखाद्या दिवशी राग आला नाही, तर गल्लीतली माणसं तब्येतीची चौकशी करायला यायची. गल्लीच्या तोंडाशी तिचं दोन खुर्च्यांचं सलून होतं, फक्त बायकांसाठी, आणि हे नाव तिला हातातल्या कात्रीवरून पडलं की तोंडातल्या, यावर गिऱ्हाइकांत दोन तट होते. कुणी घरीच केसांची वाट लावून आली की तिचा पारा चढायचा, कुणी खुर्चीत बसून मान हलवली की चढायचा, आणि पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत उतरायचाही. या खेपेचा राग मात्र उतरायला तयार नव्हता. तो आला आणि ठाण मांडून बसला.

निमित्त डाव्या गुडघ्याचं. कारण नवरा.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून दाखवला होता. आतली गादी संपली आहे, हाडावर हाड घासतंय. उजवा अजून काही दिवस ओढेल, डावा नाही. सांधा बदलायचा. आयुष्यभर उभ्याने केस कापले की असंच होतं, असंही ते म्हणाले, जणू तिने बसून कापले असते तर कुणी नको म्हटलं होतं. खर्चाचा आकडा सांगताना त्यांनी आवाज जरा मऊ केला. ‘‘आवाज कशाला बारीक करता?’’ ती म्हणाली. ‘‘पैसे आहेत. तारीख द्या.’’

पैसे आहेत, हे ती छाती ठोकून म्हणाली, कारण ते तिचेच होते. सलूनचं भाडं आणि घरखर्च जाऊन दर महिन्याला जे काही उरेल, ते वर्षानुवर्षं शेअरमध्ये जात होतं. खातं तिच्या नावावर, पासवर्ड नवऱ्याकडे.

नवरा शिलाईच्या मशिनी दुरुस्त करायचा. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे, सासूही म्हणायची. माणूस गायीसारखा गरीब. त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता, आणि कात्रीबाईला याचाच जास्त राग यायचा. भांडायचं म्हटलं तर समोरून कुणी भांडायला नको? त्याच्यात खोड एकच. टाकून द्यायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. घरात इस्त्र्या तीन होत्या आणि तापायची एक. छत्र्यांचा तर एक अख्खा कोपरा होता, आणि बाहेर जाताना दोघंही भिजत जायची.

त्या संध्याकाळी जिने चढून ती घरी आली, खुर्चीत टेकली आणि म्हणाली, ‘‘तारीख मिळाली. शेअर विकून टाका, आधी पैसे भरायचे आहेत.’’

‘‘आत्ता?’’ मिस्त्री म्हणाला.

‘‘मग कधी? मी मेल्यावर?’’

‘‘तसं नाही गं. आत्ता भाव पडलेत. तोट्यात कोण विकतं? जरा थांब. वर येतील.’’

जरा थांब. तळपायाची आग मस्तकाला जाते म्हणतात. तिची गुडघ्यापासूनच निघाली.

‘‘आणा इकडे तो फोन,’’ ती म्हणाली. ‘‘बघू तरी काय घेऊन ठेवलंय.’’

शेअरचं हे प्रकरण सुरू झालं तेव्हा दोघांनी मिळून केलं होतं. लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, घर रिकामं झालं, आणि जवळच्या सभागृहात रविवारी सकाळी एक गृहस्थ शेअरबाजाराची तोंडओळख करून देतात असं कुणीतरी सांगितलं. दोघांनी नाव घातलं. पण रविवारी सलूनमध्ये पाय ठेवायला जागा नसायची, म्हणून तिने लवकरच वर्ग सोडला. मिस्त्री जात राहिला. परत आला की जेवताना सांगायचा: शेअर म्हणजे जुगार नाही, धंद्यातला वाटा. आपल्याला कळतो तोच धंदा निवडायचा. अफवांमागे धावायचं नाही. आणि धीर धरायचा. ‘धीर धरा’ हे त्या गृहस्थांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं म्हणे. बाकीचं फळ्यावरच राहिलं, तेवढं मिस्त्रीने घरी आणलं.

पहिल्या कंपन्या दोघांनी मिळून निवडल्या होत्या. कात्रीबाईने तिच्या दुकानात लागतं ते घ्यायला लावलं. एक शांपूची कंपनी, एक केसांच्या रंगाची. मिस्त्रीने पंखे करणारी घेतली, तारा ओढणारी घेतली, एक चपलांची घेतली. ‘‘मी केस कापते, तुम्ही पैसे बघा,’’ असं म्हणून तिने मग त्यातून अंग काढून घेतलं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण तिला माहीत होती. फक्त ते दळण आपलं असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं.

फोनवर सगळं लाल होतं. वरपासून खालपर्यंत एकही हिरवी ओळ नाही.

‘‘हे सगळं तोट्यात?’’

‘‘कागदावर,’’ मिस्त्री शांतपणे म्हणाला, आणि आजाऱ्यांच्या खाटांवरून डॉक्टर फिरावा तसा एकेका ओळीवरून फिरायला लागला. ही तारांची, हिचा मालक बदललाय, नवा जरा हुशार आहे म्हणतात. ही चपलांची, हिने दोन दुकानं बंद केली, खर्च वाचेल. आणि ही पंख्यांची. हिच्यात दम आहे, फक्त कर्ज झालंय, तेवढं फिटलं की बघ.

‘‘शांपूवाली कुठाय?’’

‘‘ती केव्हाच विकली.’’ त्याच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. ‘‘वर आली तशी सोडली. चांगला फायदा झाला.’’

‘‘आणि रंगाची?’’

‘‘तीही. चालू झाली की विकायची. मग अडकून राहत नाही.’’

‘‘आणि ते पैसे?’’

‘‘पंख्यात घातले. तेव्हा फार खाली आली होती ना, स्वस्तात मिळत होती. मग अजून खाली आली, तेव्हा अजून घेतली.’’

तिला यातलं काही धड कळलं नाही, पण काहीतरी उलटं आहे एवढं कळलं. एखादीचा भांग चुकला की लांबूनही दिसतो, तसं. चुकलं कुठे हे मात्र सांगता येईना, आणि सांगता येत नाही म्हणून ती आणखी चिडली. त्या रात्री ती त्याच्याशी बोलली नाही. बोलली नाही म्हणजे भांडी बोलली.

ऑडिटरबाई तिच्याकडे दर महिन्याला केस रंगवायला यायची. ती कंपन्यांचे हिशेब तपासायची, कमी बोलायची, आणि मान कधी हलवायची नाही, म्हणून कात्रीबाईच्या मनात तिच्याबद्दल आदर होता. या वेळी तिच्या डोक्यावर रंगाचा लेप चढवून झाल्यावर कात्रीबाई तिच्या समोर स्टूल घेऊन बसली.

‘‘आता रंग चढेपर्यंत तुम्हाला उठता यायचं नाही,’’ ती म्हणाली. ‘‘मला शेअर शिकवा.’’

ऑडिटरबाई आरशात बघून हसली. ‘‘तुमचं हे सलून मला विकत घ्यायचं झालं, तर मी काय काय बघेन?’’

‘‘गिऱ्हाईक किती येतं ते. भाडं. उधारी कुणाची किती थकली आहे. आणि मी गेल्यावर ह्या बायका येतील की नाही.’’

‘‘झालं. कंपनीचंही तेवढंच बघायचं. विकलं किती, उरलं किती, उरलं म्हणतात ते खरंच हातात आलंय की उधारीवर अडकलंय, आणि डोक्यावर कर्ज किती. बाकी सगळा पसारा.’’ मग ती म्हणाली, ‘‘ही खुर्ची तुम्ही कितीला घेतली होती, हे मी विचारीन का?’’

‘‘कशाला विचाराल? तुम्हाला काय करायचंय त्याच्याशी? आज ती धड आहे की मोडकी, ते बघाल.’’

‘‘मग मिस्त्रींनी पंख्याची कंपनी कितीला घेतली होती, याच्याशी बाजाराला काय करायचंय?’’

 वर्षानुवर्षं ‘घेतलेल्या भावाला येऊ दे, मग विकू’ हे वाक्य कात्रीबाईने घरात ऐकलं होतं, आणि ते तिला अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. आता त्याचा पोकळ आवाज तिला ऐकू आला. घेतलेला भाव फक्त घेणाऱ्याच्या डोक्यात असतो. कंपनीला तो माहीत नसतो, आणि माहीत असता तरी तिने काय केलं असतं?

‘‘ती शांपूवाली आज केवढ्याला आहे?’’ तिने विचारलं.

ऑडिटरबाईने फोनवर बघून सांगितलं. मिस्त्रीने विकली होती त्याच्या पाचपट. रंगाची तिप्पट.

कात्रीबाई उठली, रंगाचा वाडगा धुवायला आत गेली, आणि आत जे बोलली ते नळ सोडलेला असूनही बाहेर ऐकू आलं.

त्यानंतर ती शिकली. रागाने शिकलेलं पक्कं बसतं. गिऱ्हाईक नसेल तेव्हा ती पंख्याच्या कंपनीचे वार्षिक अहवाल फोनवर मोठे करून वाचायची आणि अडलं की ऑडिटरबाईला विचारायची. पहिली पानं ती सोडून देऊ लागली, कारण तिथे नुसते हसरे फोटो आणि मोठमोठ्या बाता असायच्या. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! आकडे मागे दडवलेले असायचे. दर वर्षी विक्री वाढल्याचा डांगोरा, आणि दर वर्षी दुकानदारांकडे अडकलेले पैसे विक्रीपेक्षा जास्त वाढलेले. जुन्या कर्जाचं व्याज द्यायला नवीन कर्ज. आणि घरातले पैसे? चारातले तीन हिस्से या एकट्या कंपनीत. हे एखाद्या गिऱ्हाईक बाईने केलं असतं, तर कात्रीबाईने तिला खुर्चीतून उठवून आरशासमोर उभं केलं असतं.

‘‘मग विकू ना?’’ तिने विचारलं.

‘‘मी विका म्हणणार नाही आणि ठेवाही म्हणणार नाही,’’ ऑडिटरबाई म्हणाली. ‘‘फक्त एक विचारते. आज तुमच्या हातात रोख पैसे असते, तर तुम्ही आज ही कंपनी घेतली असती का?’’

‘‘मी? थुंकले नसते तिच्यावर.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मिस्त्रीच्या दुकानात गेली. भांडायलाच गेली. जाताना वाटेत दोन ठिकाणी भिंतीला टेकावं लागलं आणि तेही त्याच्या खात्यावर जमा झालं.

दुकानात एक शिवणकाम करणारी बाई मशीन न्यायला आली होती. मिस्त्रीने सुई ओवली, फडक्याच्या तुकड्यावर एक सरळ टीप मारून दाखवली. मशीन अशी सुरेख चालत होती की कात्रीबाईलाही क्षणभर बघत राहावंसं वाटलं. त्याने ती पुसली, झाकण लावलं, पट्टा ताणून पाहिला, आणि बाई तिला गाडीत घालून घेऊन गेली. मागे फळ्यांवर उरल्या त्या बाकीच्या. मोटर जळलेली. शटल तुटलेली. जिचे सुटे भाग आता कुठे बनतच नाहीत अशी. जिचा मालक कुणालाच ठाऊक नाही अशी. ओळीने, खालपासून छतापर्यंत.

आणि मग तिला दिसलं, भांग कुठे चुकला होता ते.

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘तुमच्या दुकानातून कोण जातं?’’

‘‘म्हणजे?’’

‘‘चालू झालेली जाते. बंद पडलेली राहते. बघा वर! बरोबर आहे तुमचं, दुकान आहे, चालू झालेली मशीन गिऱ्हाइकाची असते, ती द्यायलाच लागते. पण शेअर आपले होते हो! शांपूवाली आपली होती! तिला कुठल्या गिऱ्हाइकाला परत केलीत तुम्ही? जे चालायला लागलं ते हाकलून दिलंत, आणि जे मेलं त्याला माझे पैसे पाजत बसलात!’’

मिस्त्रीने हातातलं फडकं झटकलं. म्हणाला, ‘‘मी आजवर एक मशीन भंगारात दिली नाही.’’

‘‘मी बक्षीस मागत नाहीये, पैसे मागतेय. गुडघ्याचे.’’

‘‘तो सांधा बदलायची एवढी घाई कशाला पण? शेक घेऊन बघू. मालिश करू. चालतोय ना अजून?’’

‘‘चालत नाही तो! ओढते मी त्याला!’’ ती इतक्या जोरात ओरडली की समोरचा कुलपांचा दुकानदार बाहेर आला. ‘‘काय बघता?’’ ती त्यालाही म्हणाली. तो आत गेला.

‘‘थोडं थांब,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘पंखा जरा वर आला की विकतो. शब्द देतो.’’

तिने मग त्याच्याकडून पासवर्ड तेवढा मागितला. खातं तिचं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. त्याने फडक्यावर लिहून दिला. कागद जपून ठेवायचा म्हणून.

सकाळी बाजार उघडला तेव्हा ती सलूनचं शटर अर्धं ओढून आतल्या खुर्चीत बसली होती. चपलांची गेली. तारांची गेली. दर वेळी तिला वाटलं होतं की काहीतरी आवाज होईल, कुणीतरी विचारील, बाई, नक्की ना? कुणी विचारलं नाही. मग पंख्याची. आकडा भरला, बोट बटणावर नेलं, आणि तेवढ्यात भाव जरासा वर सरकला. परत सरकला. हिरवा.

बोट थांबलं.

थोडं थांबावं का, तिच्या मनात आलं. आत्ता तर चढायला लागलाय. दुपारपर्यंत बघू. कदाचित मिस्त्रीचंच बरोबर असेल, कदाचित ते कर्ज, कदाचित... आणि मग तिने समोरच्या आरशात बघितलं. तोंड अर्धवट उघडं ठेवून फोनकडे बघणारी एक बाई तिथे बसली होती. ‘‘अगं ए भवाने!’’ कात्रीबाई तिला म्हणाली. दिवस घालवून शिकलेलं सगळं, अहवाल, कर्ज, उधारी, दोन हिरव्या आकड्यांनी धुऊन नेलं होतं. नवऱ्याला शिव्या देणं सोपं होतं. ही खोड मशीन दुरुस्त करणाऱ्यालाच लागते असं नव्हतं तर. तिने स्वतःला आणखी चार शब्द हासडले आणि बटण दाबलं.

पंखा गेला. सगळ्याचे मिळून जे आले, ते घातलेल्याच्या निम्म्याहूनही कमी होते, पण डाव्या गुडघ्याला पुरून वर थोडे उरत होते. ती उठली आणि शटर पूर्ण वर केलं. त्या दिवशी ती कुणालाच टाकून बोलली नाही, आणि संध्याकाळपर्यंत तिघीजणींनी विचारलं की बरं नाही का.

घरी मिस्त्री आधीच आला होता. दिवा न लावता खुर्चीत बसला होता. तिने दिवा लावला.

‘‘मी सगळं विकलं,’’ ती म्हणाली. ‘‘काय बोलायचंय ते बोलून घ्या.’’

‘‘माहीत आहे. दुपारी बघितलं.’’

‘‘बघितलं ना? मग झालं तर.’’

‘‘परत घेतली,’’ मिस्त्री म्हणाला.

‘‘काय परत घेतलं?’’

‘‘पंख्याची. विकल्याचे पैसे खात्यात दिसत होते. त्यांचीच.’’

‘‘किती पैशांची?’’

‘‘सगळ्या.’’

मग तिच्या लक्षात आलं. पासवर्ड घेतला होता, पण बदलला नव्हता. एवढं शिकली आणि कुलूप लावायचं विसरली. ती सावकाश समोरच्या खुर्चीत बसली, आणि तिचा आवाज इतका हळू निघाला की मिस्त्रीने घाबरून वर बघितलं.

‘‘का?’’

‘‘भाव चढत होता. तू मातीमोल देऊन टाकलीस आणि लगेच चढायला लागली. म्हटलं, आता कुठे चालू होतेय, आणि आपल्याच हातून...’’

‘‘चालू झाली की विकता ना तुम्ही? मग चालू होताना घेतली कशी? खोटं बोलू नका. आज खोटं बोलू नका माझ्याशी.’’

 मिस्त्री म्हणाला, ‘‘पैसे नसते तर तारीख पुढे गेली असती.’’

‘‘काय?’’

‘‘ते भूल देतात. पाय उघडतात, हाड कापतात. मला माहीत आहे गं उघडणं म्हणजे काय असतं. मी उघडलेल्या सगळ्या मशिनी काही परत लागल्या नाहीत. काही तर उघडायच्या आधीच बऱ्या होत्या.’’ तो तिच्याकडे नाही, तिच्या गुडघ्याकडे बघत होता. ‘‘तू म्हणालीस ना, बंद पडलेली राहते म्हणून. खरं आहे. पण मला त्यात कधी वाईट वाटलं नाही. राहते ना. तूही लंगडत का होईना, घरात असतीस.’’

अशा वेळी एखादीला भरून आलं असतं. कात्रीबाईला आला तो संताप, आजवरच्या सगळ्यांपेक्षा मोठा, आणि तिने तो अडवला नाही.

‘‘भीती तुम्हाला, आणि दुखायचं मी? मला फळीवर ठेवलंत तुम्ही? त्या मोटर जळलेल्या मशिनीशेजारी? विचारलंत कधी, मला भीती वाटते का? वाटते! त्या डॉक्टरने फोटो दाखवला तेव्हापासून वाटते. पण त्या भीतीचं मी बघीन, माझी आहे ती. मला उभं राहायचंय. मला माझ्या दुकानात दोन पायांवर उभं राहून बायकांना शिव्या द्यायच्या आहेत! आणि तुम्ही जपून ठेवताय मला? मी काही तुमच्याकडे दुरुस्तीला आलेली नाही!’’

 मिस्त्रीचे डोळे भरले होते. ते बघूनही ती थांबली नाही. थांबली तेव्हा खाली गल्लीत सगळं शांत झालं होतं, म्हणजे सगळे ऐकत होते.

‘‘उद्या तुम्ही विकायची,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘तुमच्या हाताने. मी समोर बसणार.’’

सकाळी बाजार उघडला. आदल्या दिवशीची हिरवळ वाळली होती. मिस्त्रीने घेतली होती त्याहून भाव खालीच उघडला आणि आणखी खाली निघाला. फोन टेबलावर दोघांच्या मध्ये होता. डोळ्यांवर चष्मा न लावता सुई ओवणारा हात बटणापाशी जाऊन अडला होता.

‘‘आणखी पडतेय,’’ तो म्हणाला.

‘‘दिसतंय मला.’’

‘‘कालच्या भावाला तरी...’’

‘‘अहो.’’

त्याने दाबलं. मग हात मांडीवर ठेवून बसला. तिने फोन उचलून आकडा बघितला. काल जे थोडे उरत होते, ते आता उरत नव्हते. डाव्यापुरते होते, काठोकाठ. तिने पासवर्ड बदलला, त्याच्यादेखत, आणि कुठेही लिहिला नाही.

‘‘चला,’’ ती म्हणाली. ‘‘दवाखान्यात तारीख पक्की करायची आहे. आणि तुम्ही बरोबर यायचं, आतपर्यंत. जे विचारायचं ते त्या डॉक्टरला विचारा, उघडतात कसं आणि लावतात कसं. माझ्या जिवाला घोर लावू नका.’’

मिस्त्रीने चपला घातल्या. जिन्यात ती कठडा धरून एकेक पायरी आडवी उतरायला लागली. तो तिच्या पुढे गेला, आणि तिच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, उलटा उतरायला लागला.

‘‘हे काय चाललंय?’’ ती ओरडली. ‘‘सरळ उतरा. पडाल!’’

‘‘पडू दे,’’ मिस्त्री म्हणाला, आणि हात खाली घेतले नाहीत.

‘‘मोडलात तर तुम्हाला बदलायला पैसे उरलेले नाहीत,’’ ती म्हणाली, आणि कठड्यावरचा एक हात काढून त्याच्या खांद्यावर टाकला.